ब्रेक सगळ्यांना सारखेच

राळेगणसिद्धीला बर्फ पडत नाही. पाऊसच वर्षाला चारशे-पाचशे मिलिमीटर, तोही आला तर. तरी बर्फावरच्या गाडीचा विचार करायला मला हेच गाव बरं वाटतं. घसरणाऱ्या उतारावर काय करायचं असतं, हे या गावाला नगर जिल्ह्यातल्या पारनेरच्या उघड्या माळावर उमगलं.

*

घसरण गाडीत नसते, जमिनीत असते. कोरडं डांबर टायरला जितकं धरून ठेवतं, त्याच्या जेमतेम तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याने दाबला गेलेला बर्फ धरतो. त्यावर पाणी गोठून तयार झालेला पारदर्शक थर तर जेमतेम सहाव्या-सातव्या हिश्श्याने. हिशेब सोपा आहे. ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून कोरड्या डांबरावर नऊ-दहा मीटरांत उभी राहते, बर्फावर तिला तीस मीटर लागतात, गोठलेल्या थरावर साठ. वेग दुप्पट केला की हे अंतर चौपट होतं. या हिशेबात इंजिन किती चाकांना जोडलं आहे, हा आकडा कुठेच येत नाही.

*

फोर बाय फोर म्हणजे इंजिनाची ताकद चारी चाकांना. ब्रेक मात्र साध्या गाडीच्याही चारी चाकांना असतात. म्हणून फोर बाय फोर निघते लवकर, थांबते इतरांसारखीच. चढावर मिळालेला विश्वास उतारावर वापरायला जातो तो माणूस, गाडी नव्हे.

*

साधी गाडी पहिल्या वळणावर अडकते, वस्तीच्या जवळ. फोर बाय फोर पुढच्या सात वळणांनंतर अडकते, जिथे ओढायला कोणी नसतं.

*

डिफरेन्शिअलची रचना न्यायी आहे आणि तिथेच तिची अडचण. वळताना बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, आतलं कमी. म्हणून दोघांना वेगवेगळ्या गतीने फिरायची मोकळीक द्यावी लागते, पण जोर मात्र दोघांना सारखाच मिळतो. एक चाक बर्फावर गेलं की त्याला पेलवेल तेवढाच जोर दुसऱ्यालाही मिळतो, म्हणजे जवळपास शून्य. एक भिरभिरतं, दुसरं उभं राहून बघतं. पुढचं एक आणि मागचं एक अशी दोन चाकं घसरली, तर चारी चाकांना ताकद देणारी गाडीही जागेवर घरघरते. ते टाळायला डिफ लॉक असतो. तो लावला की दोन्ही चाकं एकाच गतीने फिरतात आणि ज्याच्या पायाखाली पकड आहे त्याच्याकडे ताकद जाते. सर्वांना सारखं देणं आणि ज्याला पेलवतं त्याला देणं यांतलं काय केव्हा, याचा निर्णय लोखंडालाही सोपा गेलेला नाही.

*

हाताने फोर बाय फोर लावायच्या जुन्या पद्धतीच्या गाड्यांत ते सुक्या डांबरावर लावून ठेवायचं नसतं. पुढची आणि मागची चाकं एकत्र बांधली जातात, वळणावर त्यांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, आणि तो ताण कुठे निसटू शकत नाही. माती, वाळू, बर्फ असेल तर चाक थोडं घसरून ताण सोडतं. पक्क्या रस्त्यावर तोच ताण दांड्यांत आणि गिअरांत साचतो. थोडी घसरण गाडीलाही लागते.

*

आपल्याकडे हे यंत्र मुंबईच्या बंदरातून आलं. महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 1945मध्ये काढलेल्या कंपनीने 1947मध्ये माझगावला विलीज जीपची जुळणी सुरू केली. भागीदार पाकिस्तानात गेले, तिथले गव्हर्नर जनरल झाले. कंपनीच्या नावातलं त्यांचं आडनाव गेलं आणि जीप राहिली. ती पुढे तहसीलदाराची झाली, वनखात्याची झाली, तमाशाच्या फडाची आणि निवडणुकीच्या प्रचाराचीही झाली. तिच्या फोर बाय फोर लावायच्या छोट्या दांड्याला या सगळ्या नोकरीत क्वचितच कोणी हात लावला असेल.

आज पुण्याहून मनालीला जाणाऱ्या कुटुंबाच्या उंच, रुंद, रागीट चेहऱ्याच्या गाडीत तो दांडाही नसतो आणि बटणही नसतं. अशा बहुतेक गाड्यांची ताकद फक्त पुढच्या दोन चाकांना असते. बर्फ पडला की सोलंगच्या पुढे, अटल बोगद्याच्या बाजूला, फक्त फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्या सोडतात. तिथला पोलिस गाडीची उंची बघत नाही. साहेब हिंदीत वाद घालतात, मुलं मागच्या सीटवरून बर्फ बघतात, आणि शेवटी स्थानिक टॅक्सीवाल्याशी भाव ठरतो. टॅक्सी जुनी असते, टायरांना साखळ्या असतात.

*

टायरवर खर्च करायला माणूस कुरकुरतो, कारण टायर दिसत नाही. पण जमिनीला टेकतं तेवढंच.

*

नगरला बर्फ नाही, पण बर्फात जाणाऱ्या यंत्रांचं हे गाव आहे. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथं आहे. लष्करी वाहनांवर काम करणारी डीआरडीओची संस्थाही इथलीच. तिच्या वसाहतीचं नावच वाहननगर. 1994पासून नगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे. उन्हात तापलेल्या त्या लोखंडाजवळ उभं राहून मला दरवेळी काश्मीरहून लडाखला जाणाऱ्या वाटेवरची झोजिला खिंड आठवते.

1948च्या 1 नोव्हेंबरला, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, साडेअकरा हजार फुटांवरच्या त्या खिंडीत सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे चढले. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल, असं समोरच्याच्या मनातही नव्हतं. तिथल्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख जनरल थिमय्या स्वतः पुढच्या रणगाड्यात होते. बातमी फुटू नये म्हणून वाटेत रणगाड्यांचे बुरूज काढून नेले होते. हे सगळं सांगितलं जातं, सांगावं असंच आहे. पण त्याआधी लष्कराच्या अभियंत्यांनी, मद्रास सॅपर्सनी, खेचरांपुरती असलेली वाट रणगाडा पेलेल इतकी रुंद आणि पक्की केली, हे वाक्य बहुतेकदा घाईत उरकलं जातं. रणगाड्याचं छायाचित्र निघतं. वाटेचं कोण काढणार?

*

पहिल्या मोठ्या पावसात काळ्या रानात ट्रॅक्टर रुततो, तेव्हा शेतकरी इंजिनाला दोष देत नाही. खाली उतरतो, चाकापुढे दगड टाकतो, तुराट्या टाकतो, पोतं पसरतो. गॅस वाढवणारा पोरगा चाक आणखी खोल नेतो आणि शिव्या खातो. लडाखच्या रस्त्यावर सीमा सडक संघटनेचे मजूर वळणांवर वाळू टाकतात. उपाय तोच: चाक सोडा, चाकाखालचं बघा.

एप्रिल 2023मध्ये पारनेर तालुक्यात वनकुट्याच्या बाजूला गारांनी रानं पांढरी केली, घरांची कौलं-पत्रे फोडले. गारांच्या थरावर पहिल्यांदा मोटरसायकल घालणाऱ्याला बर्फावरचा धडा फुकटात मिळतो. पिकाची किंमत मात्र त्या धड्यात धरलेली नसते.

*

राळेगणचे किसन बाबूराव हजारे, म्हणजे अण्णा, सैन्यात ट्रक चालवायचे. 1965च्या युद्धात खेमकरणला त्यांच्या ट्रकवर हल्ला झाला. सोबतचे गेले, ते वाचले. 1975मध्ये निवृत्त होऊन गावी आले. पुढचं देशाला माहीत आहे, पण ड्रायव्हर म्हणून त्यांच्याकडे कोणी फारसं पाहत नाही. मला तेच पाहावंसं वाटतं.

गावात तेव्हा पाऊस यायचा आणि जायचा. उघड्या उतारावर पाण्याला धरायला काही नव्हतं. गवत चरून गेलं होतं, झाडं तुटली होती, माती पाण्याबरोबर निघाली होती. पाण्याची गाडी विनाब्रेक खाली जात होती. गावाने उतार खडबडीत केला. डोंगराला समतल चर खणले, नाल्यांना बांध घातले, पाझर तलावाची गळती काढली, झाडं लावली. धावणारं पाणी चालायला लागलं, चालणारं थांबलं, थांबलेलं मुरलं. विहिरींना पाणी आलं. पाऊस तेवढाच राहिला.

गावाची पंचसूत्री नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. पाचांतल्या चार थांबवण्याच्या, पुढे ढकलणारी एकच. कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात हे प्रमाण उलटं असतं.

यातलं सगळंच मला पटतं असं नाही. दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिल्याचं अण्णांनी स्वतः सांगितलं आहे, समर्थनही केलं आहे. जुन्या गाडीत बर्फावर एकदम दाबलेला ब्रेक चाकं बांधून टाकतो. बांधलेलं चाक वळत नाही. स्टिअरिंग हातात असतं आणि गाडी आपल्या मनाने जाते. जुने फौजी ड्रायव्हर म्हणूनच ब्रेकवर पाय ठेवायचे नाहीत. ज्या गिअरने चढलात त्याच गिअरने उतरा, इंजिनलाच गाडी धरू द्या, असं शिकवायचे. राळेगणमध्ये हे दोन्ही झालं, फटकेही आणि चरही. टिकले ते चर.

*

चढावर थांबलेली गाडी बर्फात पुन्हा निघत नाही, उतारावर निघालेली थांबत नाही. अरुंद रस्त्यावर दोघी समोरासमोर आल्या तर? नियमाने उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची. उतरणाऱ्याला थांबता आलं, तर. झोजिलावर म्हणून वाहतूक एकेरी ठेवतात, कधी वेळा ठरवून, कधी एक दिवसाआड. सोनमर्गला ट्रकांची रांग लागते. रांगेत नव्या गाडीचा आणि जुन्या ट्रकचा नंबर सारखाच.

आता त्या खिंडीखालून तेरा किलोमीटरचा बोगदा खणला जातो आहे. पिरपंजालमधून नऊ किलोमीटरचा अटल बोगदा 2020च्या 3 ऑक्टोबरला सुरू झाला आणि रोहतांगचे 3,978 मीटर लाहौलच्या रोजच्या प्रवासातून वजा झाले. झोजिलाचा बोगदा पुरा झाला की जानेवारीतही दोनच चाकांना ताकद असलेली, छोट्या इंजिनाची कुठलीही गाडी त्यातून कारगिलच्या बाजूला निघेल. बोगद्याच्या तोंडापर्यंतचा रस्ता मात्र बराचसा उघड्यावर राहील आणि हिमस्खलनं तिथेही होतात. त्यासाठी त्या टप्प्यात आच्छादनं, भिंती, हिम अडवणारे बांध घालायचं काम धरलेलं आहे.