देणगीचा हिशेब कोण मागणार?

गायिका आणि रॅपर लॉरिन हिलने १९९८ नंतर स्टुडिओत दुसरा एकल अल्बम केला नाही, याची हळहळ तिच्या श्रोत्यांच्या मनातून अजून गेलेली नाही. फ्यूजीज या हिप-हॉप गटात वायक्लिफ जाँ आणि प्राज यांच्या बरोबरीने रॅप करत ती पुढे आली. ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’ या एकल अल्बममध्ये तिने हिप-हॉपचा ठेका आणि सोलची आर्तता एकाच गळ्यात नांदवली आणि १९९९ साली ५ ग्रॅमी मिळवले. मग असा गळा लाभलेल्या बाईला गप्प राहण्याचा अधिकार आहे का? ती स्वतः बायबल मानणारी, त्यामुळे आक्षेपही तिथूनच घेता येतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात सोपवलेलं धन जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराला धनी खडसावतो; निदान सावकाराकडे तरी ठेवायचं होतंस, म्हणतो. आक्षेप वजनदार आहे. पण त्या दाखल्यात हिशेब मागतो तो धनी, गावकरी नव्हेत. गळा देवाने दिला असं म्हणायचं आणि वसुलीला मात्र आपण जायचं, हे जुळत नाही.

शिवाय देणगी पुरली असं तरी कशावरून? त्याच अल्बममधलं ‘टू झायन’ हे गाणं करिअर सांभाळण्याचा सल्ला झुगारून तिने पहिलं मूल होऊ दिलं, त्याबद्दलचं आहे. ते गाणं डोक्यावर घ्यायचं आणि पुढे तिने यशापेक्षा दुसरं काही मोठं मानलं की नाराज व्हायचं, ही विसंगती आपली आहे. २००१ साली एकट्या गिटारवर ध्वनिमुद्रित झालेल्या ‘अनप्लग्ड’ या मैफलीच्या अल्बममध्ये तिचा आवाज चिरकतो, ती रडते, गाण्यांच्या मध्ये देवाविषयी आणि स्वतःविषयी लांबलचक बोलते. अनेक समीक्षकांना त्यात पडझड दिसली. मला त्यात लोकांना खूश ठेवण्याचं ओझं उतरवणारी बाई ऐकू येते, आणि देणगीचा तोही वापरच आहे.

मात्र या स्वातंत्र्याच्या आड सगळंच लपत नाही. मूळ अल्बमवर राबलेल्या वादकांनी श्रेयासाठी दावा लावला, तो २००१ साली तडजोडीने मिटला. कर विवरणपत्रं न भरल्याबद्दल २०१३ मध्ये तिने तुरुंगवास भोगला. ही देणी माणसांची होती, त्यांना देवाचं नाव पुढे करून सूट मिळत नाही. तिकीट काढून मैफलीला तिची वाट पाहत ताटकळलेल्या श्रोत्याची तक्रारही तितकीच खरी. पण ती तक्रार त्या रात्रीपुरती आहे. दुसऱ्या अल्बमची मागणी त्या तक्रारीत घुसवता येणार नाही.