हजेरी

सर्वपित्री अमावास्येची सोय ज्याने लावली, त्याचे मन मोठे असले पाहिजे. ज्याची तिथी ठाऊक नाही, त्यालाही त्या दिवशी पान वाढले जाते. आम्हां ख्रिस्ती लोकांतही दिवाळीच्या आगेमागे, २ नोव्हेंबरला, मृतांचा दिवस पाळतात. कबरीवर मेणबत्ती लावायची आणि नाव घेऊन प्रार्थना करायची. पण ज्याचे नावच दगडावर आले नाही, त्याचे काय?

आमच्या तळवड्याहून पुण्याकडे जाताना खडकी लागते. तिथल्या युद्ध-दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातले १,६६८ सैनिक निजले आहेत. अधिकारी असो की शिपाई, शिळा सारखीच. मरणानंतर हुद्दा पाहायचा नाही, हे त्या जागा राखणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाचे तत्त्व. तत्त्व सुंदरच, पण ते सगळीकडे पाळले गेले नाही. पहिल्या महायुद्धात 'पुणे डिव्हिजन' म्हणून ओळखली जाणारी फौज, मराठा पलटणींसह, इराकात कुत येथे वेढ्यात सापडली. अन्न संपत आले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी ती शरण गेली. कित्येकजण पुढे कैदेत मेले. त्या मोहिमेतल्या मृतांचे स्मारक १९२९ मध्ये बसऱ्याला उभे राहिले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणवार आकडा! अशा भेदाबद्दल आयोगाने माफी मागितली ती २०२१ मध्ये.

शाळामास्तराला हा फरक चटकन कळतो. पटसंख्येने साहेबांचे समाधान होते. आज कोण आला नाही, हे हजेरीच सांगते. योहानाच्या शुभवर्तमानातला मेंढपाळदेखील मेंढरांना नावाने हाक मारतो.

इथवर सगळे मान डोलावतील. पण कुतच्या रणात तुर्कही पडले, आणि ते आपल्या लेखी अजून आकडाच आहेत. आकडा मारताना हात कचरत नाही. 'शत्रूचे इतके ठार' ही बातमी वाचता वाचता आपण चहाचा दुसरा कप मागतो. येशूने तर वैऱ्यासाठी प्रार्थना करायला सांगितले. सीमेवर मुलगा गमावलेल्या आईला हे सांगायला माझी जीभ रेटणार नाही. ज्याची रेटते, त्याला तिचे दुःख कळले असे मी मानत नाही. मात्र तिचे प्रश्न ऐकावेत. शेवटी त्याच्याजवळ कोण होते? त्याने पाणी मागितले का? सीमेपलीकडेही कुणी आई हेच विचारीत असेल. तहाच्या कागदावर सह्या होण्याआधी अशा दोघींना समोरासमोर बसवावे, असे मला फार वाटते. बोलतील काय? एकमेकींची भाषा कदाचित येणार नाही. मुलांची नावे तेवढी सांगता येतील.