किती वर आणि किती लांबून

1899 साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दापोलीजवळच्या मुर्डी गावचे रघुनाथ परांजपे विभागून पहिले आले. सीनिअर रँग्लर झालेले ते पहिले भारतीय. महाराष्ट्राला त्याचा एवढा अभिमान वाटला, की 'रँग्लर' हे बिरूद त्यांच्या नावाला जन्मभर चिकटले. उत्कृष्ट म्हणजे पहिला नंबर, हे समीकरण आपल्या मनात त्या काळी घट्ट बसले आणि ते अजून हललेले नाही. केंब्रिजने मात्र 1909 नंतर ही क्रमवारी जाहीर करणेच बंद केले. परीक्षेच्या या पद्धतीवर तुटून पडणाऱ्यांत गणितज्ञ जी. एच. हार्डी होते, 1898 सालचे चौथे रँग्लर. पेपर सोडवण्याच्या तयारीत खरे गणित बाजूला पडते, हा त्यांचा आक्षेप. कॉलेजच्या परीक्षेत नापास झालेल्या रामानुजनांची योग्यता ओळखली तीही याच हार्डींनी.

जसा विद्यार्थ्याचा नंबर, तसा कॉलेजचा निकाल. 1857 साली स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ सुरुवातीला मुख्यतः परीक्षा घेणारे होते. शिकवायचे कॉलेजांनी, पारखायचे विद्यापीठाने. त्यामुळे शेकडा किती पास झाले, यावर कॉलेजची पत ठरू लागली. प्रवेशाच्या वेळीच हुशार मुले निवडली की निकाल आपोआप चांगला लागतो, याकडे फारसे कुणी बघितले नाही.

नंतर उत्कृष्टतेच्या या कल्पनेला वेगळे वळण मिळाले आणि त्याचा संबंध थेट सांगली जिल्ह्यातल्या आपल्या कडेगाव तालुक्याशी आहे. देवराष्ट्रे याच तालुक्यातले. तिथे जन्मलेले यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, 1962 मध्ये, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ उभे राहिले. सोनसळही याच तालुक्यातले. तिथल्या पतंगराव कदमांनी 1964 साली पुण्यात भारती विद्यापीठ स्थापन केले. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही वाट आधीच पाडली होती. ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढले नव्हते त्यांच्यापर्यंत कॉलेज नेणे, हेच मोठे काम ठरले. मला ही व्याख्या आजही सर्वांत मोलाची वाटते. गुणवत्तेच्या चर्चेत आपण तिला 'विस्तार' असे नाव देऊन बाजूला बसवले, हे फार चुकले.

1994 साली कॉलेजांचे मूल्यांकन करणारी नॅक ही संस्था आली. सात निकष, एकूण हजार गुण, शेवटी श्रेणी, अशी तिची पद्धत ठरली. तिने चांगलेही केले: ग्रंथालयाच्या नोंदी नीट झाल्या, विद्यार्थ्यांचे मत विचारले जाऊ लागले, कॉलेजांच्या बाबतीत अध्यापन आणि मूल्यमापनाला सर्वाधिक वजन मिळाले. 2016 पासून एनआयआरएफ ही शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी निघू लागली. तिच्यात समावेशकतेला जागा आहे, पण त्याच खात्यात परराज्यांतून आलेल्या विद्यार्थ्यांनाही गुण आहेत. शाळगाव, वांगी, नेवरीहून एसटीने येणाऱ्या मुलांच्या कॉलेजने हे गुण कुठून आणायचे? शिवाय शिक्षणक्षेत्रातले लोक आणि नोकरी देणारे यांच्या मनातली प्रतिमा हाही एक निकष. म्हणजे ज्याचे नाव आधीच झालेले आहे, त्याचे नाव आणखी होणार.

या गुणांत काय येत नाही ते पाहायचे तर बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचे रसायनशास्त्राचे प्रॅक्टिकल बघावे. ब्युरेटमधून थेंब थेंब पडतो, चंबूतल्या द्रावणाला फिकट गुलाबी छटा येते, मुलगी रीडिंग घेते. 9.8, मग 10.3, मग 10.1. शेजारचा जर्नलमध्ये तीनही वेळा 10.2 लिहून मोकळा झालेला असतो, कारण मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये तेच आहे. पूर्ण जर्नलला सही मिळते. ही मुलगी विचारते, 'सर, माझी रीडिंग सारखी का येत नाहीत?' तिच्याजवळ थांबून पिपेट कसे धरले, डोळा रेषेच्या पातळीत होता का, हे बघणारा शिक्षक विज्ञान शिकवत असतो. त्या दहा मिनिटांना कुठल्याच अहवालात रकाना नाही.

म्हणून कॉलेजचे माप निघाल्यापासून पोहोचेपर्यंतच्या अंतरावर घ्यावे, असे मला ठामपणे वाटते. नव्वद टक्क्यांचा विद्यार्थी घेऊन नव्वदचाच बाहेर काढणारे कॉलेज आणि पंचावन्नचा घेऊन त्याला स्वतःच्या रीडिंगवर विश्वास ठेवायला शिकवणारे कॉलेज, यांत दुसऱ्याचे काम मोठे आहे. हे मोजताही येते. प्रवेशाच्या आठवड्यात प्रत्येकाला एक साधा प्रयोग एकट्याने करायला द्यावा: तीन रीडिंग घे, फरक का पडला ते चार ओळींत लिही. कागद जपून ठेवावा. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तोच प्रयोग पुन्हा द्यावा आणि दोन्ही कागद बाहेरच्या परीक्षकापुढे शेजारी शेजारी ठेवावेत.

दुसरे माप परिसरातले. कडेगावचा हा दुष्काळी पट्टा. टेंभू योजनेने कृष्णेचे पाणी इकडे आणले आणि पाठोपाठ ऊस वाढला. विहिरींच्या पाण्यातले क्षार त्याबरोबर कसे बदलतात, हे ठरावीक विहिरींवर दर वर्षी मोजून ठेवायला ब्युरेट, अभिकर्मक आणि चिकाटी पुरते. शेजारचे सागरेश्वर अभयारण्य उजाड डोंगरांवर माणसांनी झाडे लावून उभे केलेले. तिथल्या मातीचे आणि पाखरांचे टिपणही असेच पिढ्यान्‌पिढ्या चालवता येईल. पंधरा वर्षांची अशी वही ज्या कॉलेजकडे असेल, त्याच्याकडे पाटबंधारे खात्यापासून शेतकऱ्यापर्यंत सगळ्यांना यावे लागेल. पहिली पाने यंदाच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी भरायला हरकत नाही.