शिखर खरे की भासमान?

रक्तद्रवातील किंवा पेशींच्या अर्कातील रेणू क्रोमॅटोग्राफीच्या कॉलममधून वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये शिरतात. एखाद्या वस्तुमानाचा संकेत काही सेकंद चढतो व ओसरतो. आलेखावरचा हा उंचवटा म्हणजे शिखर, आणि त्याखालच्या क्षेत्रफळावरून रेणूचे सापेक्ष प्रमाण ठरते. सजीवांतील लहान रेणूंच्या अशा मोजणीवर आधारलेल्या मेटाबोलोमिक्सचे सारे निष्कर्ष या क्षेत्रफळांवर उभे असल्याने शिखरच फसवे निघाले, तर पुढची सांख्यिकी कितीही काटेकोर असून उपयोग नाही.

शिखरे हुडकण्याचे काम सॉफ्टवेअर करते. २००६ मधले एक्ससीएमएस आजही सर्रास वापरले जाते. अशी साधने हजारोंनी शिखरे काढून देतात, पण २०१७ च्या एका अभ्यासात ई. कोलाय जिवाणूच्या नमुन्यांतील सुमारे २५,००० संकेत तपासले, तेव्हा स्वतंत्र रेणू १,००० पेक्षाही कमी भरले. उरलेल्यांत समस्थानिके, सोडियम चिकटलेली रूपे, रेणूंचे तुकडे, दूषके आणि निव्वळ गोंगाट होता.

चांगले शिखर घंटेच्या आकाराचे, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना तळाशी टेकणारे असते आणि त्यावर निदान आठ-दहा मोजबिंदू असतात. संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तरही पाहतात, मात्र त्यावर फार विसंबू नये. ऑर्बिट्रॅपसारखी यंत्रे बारीक गोंगाट आधीच छाटतात, त्यामुळे हा आकडा उगाचच फुगतो.

ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचे वस्तुमान तंतोतंत सारखे; दोघांचे धन आयन १३२.१०२ वरच दिसतात. कॉलमने त्यांना नीट वेगळे केले नाही, तर दोन माथ्यांचे शिखर उमटते. सॉफ्टवेअर एका नमुन्यात ते अखंड मोजते, दुसऱ्यात मधोमध कापते. मग रुग्ण आणि निरोगी यांच्यात जो फरक दिसतो, तो शरीरातला नसून कात्रीचा असतो.

आकाराइतकीच पुनरावृत्तीही महत्त्वाची. सर्व नमुन्यांचे मिश्रण ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा मोजतात. त्यात ज्या शिखराचे सापेक्ष प्रमाणित विचलन २० ते ३० टक्क्यांपलीकडे जाते, ते सहसा वगळतात. तरीही प्लास्टिकमधून झिरपलेले दूषक देखणे आणि स्थिर शिखर देऊ शकते. त्याचे बिंग फुटते ते जैविक अंश नसलेल्या कोऱ्या नमुन्यात, कारण ते तिथेही दिसते.

ही पारख आपोआप करू पाहणारी २०२० च्या मेटाक्लीनसारखी साधने तज्ज्ञांनी चांगली-वाईट ठरवलेल्या शिखरांवरून शिकतात. सीमारेषेवरच्या शिखरांबाबत तज्ज्ञांचेच एकमत नसते, त्यामुळे ती संदिग्धता यंत्रातही उतरते. म्हणून निष्कर्षात ज्या रेणूंची नावे घ्यायची, त्यांचे मूळ आलेख तरी संशोधकांनी डोळ्यांखालून घालावेत आणि शोधनिबंधासोबत छापावेत.