रसनेवाचूनचे अन्न

१९७९ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरी बालशल्यविशारद मायकेल गॉडरर आणि त्यांचे सहकारी जेफ्री पॉन्स्की यांनी, उदर न चिरता, मुखावाटे जठरात उतरविलेल्या दुर्बिणीचा उजेड पोटाच्या त्वचेवर जेथे उमटला तेथेच सुई टोचून, धाग्याच्या आधारे पोषणनलिका बसविण्याची तजवीज केली. परंतु रसनेला वगळून जठरात गेलेले अन्न यज्ञकर्म ठरते काय, असा प्रश्न जेवणाला यज्ञकर्म मानणाऱ्या भाविक मनाला पडतोच.

तैत्तिरीय उपनिषदातील भृगूने प्रथम अन्नालाच ब्रह्म जाणले आणि पुढे प्राण, मन, विज्ञान ओलांडून तो आनंदापर्यंत पोहोचला. आहुतीचे सार्थक मार्गात नसून अग्नीत आहे, हे मानल्यास जठराग्नीची हरकत उरत नाही. आनंदाची बाकी मात्र राहते. म्हणून अशा नळीवर असलेल्या मुलाला दूध देतानाही पंगतीतच मांडीवर घ्यावे आणि वैद्याची अनुज्ञा असल्यास ओठांना वरणाचे बोट लावावे. कारण पोषण हा देहाचा हक्क असला, तरी सहभोजन हा जीवाचा आहे.