सवलत सरते तेव्हा

भुसावळहून खंडव्याकडे जाताना बऱ्हाणपूर आणि असीरगड रोड मागे पडले की चांदनी येतं, आणि त्याला लागून नेपानगर. या टापूतल्या अनेक घरांची चूल ज्या करावर दीर्घकाळ अवलंबून होती, तो कर त्यांनी स्वतः कधीच भरला नाही. तो होता परदेशातून येणाऱ्या वृत्तपत्राच्या कागदावरचा सीमाशुल्काचा कर. सातपुड्यातल्या सलईच्या लाकडावर आणि बांबूवर उभी राहिलेली नेपा मिल ही वृत्तपत्राचा कागद करणारी देशातली पहिली गिरणी. 26 एप्रिल 1956 रोजी पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. बाहेरचा कागद किती येणार आणि कितीला पडणार, यावर या गिरणीची मागणी ठरत असे आणि मागणीवर इथला पगार.

करसवलतीची मुदत संपण्यावरून जे वाद होतात, त्यात हा धागा हमखास सुटतो. बोलणं चालतं ते कर भरणाऱ्याबद्दल. सवलतीचा भार किंवा लाभ दुसऱ्याच कुणाच्या घरात उतरतो आणि त्या घराचा हिशेब कुठेच मांडला जात नाही.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण याच कागदाचं आहे. कायद्याच्या कोष्टकात वृत्तपत्राच्या कागदावर 40 टक्के आयातशुल्क लिहिलेलं होतं, पण सूट देणाऱ्या अधिसूचनेमुळे प्रत्यक्षात ते माफ होतं. 1 मार्च 1981 रोजी सरकारने ती सूट मागे घेतली आणि 10 टक्के मूळ व 5 टक्के पूरक असं शुल्क लावलं. पुढच्या वर्षी त्याजागी टनामागे 825 रुपये असा ठोक आकार आला. परकीय चलन वाचावं, आयात कागदाचा वापर आटोक्यात यावा, हे त्यामागचं सरकारी कारण. वृत्तपत्रं सर्वोच्च न्यायालयात गेली. 6 डिसेंबर 1984 रोजी न्यायमूर्ती वेंकटरामय्या यांनी लिहिलेल्या निकालात एक विलक्षण पेच समोर आला. नवी अधिसूचना रद्द केली, तर जुनी सूट परत येत नाही. उलट कोष्टकातले मूळ 40 टक्के जिवंत होतात. म्हणजे नागरिक खटला जिंकला तरी त्याच्यावरचा कर वाढणार! अखेर न्यायालयाने सरकारला सहा महिन्यांत या शुल्काचा फेरविचार करायला सांगितलं.

हा पेच नुसता वकिली नाही. सूट काढून घेणं हा नवा कर लावण्याइतकाच मोठा निर्णय असतो, तरी तो एका अधिसूचनेने होऊन जातो. सरकार म्हणतं, आम्ही कर लावला नाही, सवलत थांबवली. ज्याच्या खिशातून पैसे जातात त्याला यात काडीचाही फरक दिसत नाही.

त्या निकालाचा रोख वृत्तपत्रस्वातंत्र्यावर होता आणि तो योग्यच होता. ज्ञानाच्या कच्च्या मालावर कर लावताना सरकारने जपून पाऊल टाकावं, हे मला आजही पटतं. पण त्याच शुल्काच्या आडोशाने नेपानगरच्या वसाहतीतली घरंही उभी होती. मुंबईच्या वाचकाला अंक महाग पडणं आणि चांदनीच्या कामगाराला पाळी मिळणं या एकाच रकमेच्या दोन बाजू आहेत. त्यातली कुठली जड, हे ठरवण्याचं काम न्यायालयाचं नव्हे, संसदेचं. आणि दोन्ही बाजूंचे आकडे समोर असल्याशिवाय संसदेलाही ते करता येणार नाही.

आकडे न मांडल्याचा परिणाम 2019 मध्ये दिसला. त्या जुलैच्या अर्थसंकल्पात आयात न्यूजप्रिंटवर 10 टक्के सीमाशुल्क लागलं, देशी कागद उद्योगाला आधार म्हणून. तेव्हा नेपाची यंत्रं नूतनीकरणासाठी 2016 पासून थांबलेली होती. फेब्रुवारी 2020 मध्ये शुल्क 5 टक्क्यांवर आलं. सुमारे 469 कोटींच्या पॅकेजनंतर गिरणी पुन्हा सुरू झाली ती ऑगस्ट 2022 मध्ये. कागदाला हे संरक्षण मिळालं, तेव्हा नेपानगरात कागदच निघत नव्हता.

मुदत असण्याला माझा विरोध नाही. 2021 च्या वित्त कायद्याने सीमाशुल्काच्या सशर्त सवलतींना आपोआप शेवटची तारीख जोडली: वेगळं काही म्हटलं नसेल, तर दोन वर्षांनंतरच्या 31 मार्चला सवलत संपते. ही सुधारणा चांगली आहे, कारण जुन्या सवलती विसरलेल्या दिव्यासारख्या जळत राहतात. उणीव एवढीच, की तारीख आली म्हणून कुणाच्या घरावर काय ओढवेल, हे सभागृहासमोर ठेवण्याचं बंधन त्यात नाही. अर्थसंकल्पासोबत बुडालेल्या महसुलाचं विवरणपत्र येतं. त्यात तिजोरीचं नुकसान दिसतं, कुटुंबांचं दिसत नाही.

अमेरिकेत निदान भांडण तरी उघड्यावर होतं. डिसेंबर 2017 च्या कायद्यात कंपन्यांचा कर 35 वरून 21 टक्क्यांवर आला तो कायमचा. कुटुंबांच्या बहुतेक सवलती मात्र 2025 अखेर संपणार होत्या. न्यू जर्सीतल्या मराठी घरांनीही त्या वर्षी हिशेब केले, कारण मुलांमागची वाढीव सूट आणि राज्याच्या करावरची 10 हजार डॉलरची वजावट-मर्यादा, दोन्ही त्याच कायद्यातल्या. 4 जुलै 2025 रोजी त्यातल्या बहुतेक सवलती कायम करणारा कायदा झाला. दहा वर्षांत तूट सुमारे 3.4 लाख कोटी डॉलरनी वाढेल, हा संसदेच्याच अंदाजपत्रक कार्यालयाचा आकडा मतदारासमोर होता. निर्णय मला पटत नाही. कंपन्यांना कायमचं आणि कुटुंबांना मुदतीचं, ही वाटणी मुळातच अन्यायाची होती. पण कोणी काय मत दिलं, ते तिथे नोंदलेलं आहे.

आपल्याकडे घरांचा कर मुख्यतः वस्तूंतून जातो आणि त्याचे दर जीएसटी परिषदेत ठरतात. 18 नोव्हेंबर 2021 च्या अधिसूचनेनुसार 1 जानेवारी 2022 पासून कापड आणि हजार रुपयांच्या आतलं पादत्राण, दोन्ही 5 वरून 12 टक्क्यांवर जाणार होती. बऱ्हाणपूर, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर याचा थेट घाव बसला असता. गुजरात, तमिळनाडू, पश्चिम बंगाल अशा राज्यांनी विरोध केला आणि 31 डिसेंबरला, म्हणजे आदल्या दिवशी, कापडाची वाढ स्थगित झाली. चपलांची झाली नाही. त्यांच्यामागे इतकी राज्यं उभी नव्हती. कापड 5 टक्क्यांवर राहिलं, स्वस्त चप्पल 12 वर गेली आणि ती परत 5 वर यायला 22 सप्टेंबर 2025 उजाडलं.