मस्टरबाहेरचं दुःख

आपल्याकडे कुणाच्या मयताला कोण आलं आणि कोण नाही, याचं एक अदृश्य मस्टर ठेवलेलं असतं. ते कोण लिहितं हे कधी दिसत नाही, पण लेटमार्क मात्र बरोबर लागतो. ‘दहाव्याला आले, पण स्मशानात नव्हते हो!’ हे वाक्य ऐकलं नाही असा मराठी माणूस विरळा. त्यामुळे आपण जे रडतो, त्यातलं गेलेल्या माणसासाठी किती आणि मस्टरसाठी किती, हा प्रश्न मला बी.कॉम. झाल्यापासून छळतो. कॉमर्सवाल्याला प्रत्येक रकमेचं व्हाउचर लागतं, त्याला इलाज नाही.

उत्तर मिळालं ते तत्त्वज्ञानाच्या ग्रंथात नव्हे, कलकत्त्याच्या फुटबॉलमध्ये.

३० एप्रिल २०२० रोजी चुनी गोस्वामी गेले. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून भारतानं सुवर्णपदक घेतलं, त्या संघाचे हे कप्तान. १९५४ ते १९६८ एकच क्लब: मोहन बागान. शिवाय फुटबॉलनं पोट भरेना म्हणून की काय, बंगालकडून रणजी क्रिकेटही! १९७१-७२ मध्ये तर कप्तान म्हणून अंतिम सामन्यापर्यंत आले. पण पुढं आपली मुंबई उभी होती. तिथं बिचाऱ्यांचं काही चाललं नाही.

आता कलकत्त्याचा रिवाज असा, की तिथं फुटबॉलचा क्लब माणूस निवडत नाही. तो जन्माबरोबर मिळतो, गोत्रासारखा. पूर्व बंगालातून आलेल्यांचा ईस्ट बंगाल, मूळच्या पश्चिमेकडच्यांचा मोहन बागान. ईस्ट बंगाल जिंकला की घरी हिल्सा, मोहन बागान जिंकला की कोळंबी. आणि चुनीबाबू जन्मले कुठं, तर किशोरगंजला, आजच्या बांगलादेशात! म्हणजे गोत्र हिल्साचं आणि सबंध कारकीर्द कोळंबीकडे. आपल्याकडे सख्खा भाऊ समोरच्या पार्टीकडून उभा राहिला, तर घरात भिंत पडते.

आमच्या शाखेत पूर्वी एक बंगाली बाबू होते. निवृत्तीनंतर ते कलकत्त्याला परतले. कट्टर ईस्ट बंगालवाले. मोहन बागान हरलं की त्या दिवशी गिऱ्हाइकाला हसून सुट्टे पैसे देत, यावरून काय ते ओळखा. त्या संध्याकाळी मी त्यांना फोन केला, तर आवाज जड.

“दादा, हा तर शत्रुपक्षाचा!” मी म्हटलं.

“शत्रू कसला? आमचाच होता, तिकडं राहायला गेला होता,” ते म्हणाले. “आणि गेला तो तिथंच राहिला, हे महत्त्वाचं. लहानपणी वडिलांचा हात धरून मी त्याला शिव्या द्यायला जायचो. आता वडील नाहीत, शिव्या द्यायला तोही नाही.”

टाळेबंदीचे दिवस होते. मैदानं बंद, अंत्ययात्रेला वीस माणसांची मर्यादा. ज्याच्यासाठी अख्खं शहर रस्त्यावर आलं असतं, तो माणूस असा गेला. पण वाचकहो, त्या दिवशी मस्टरही बंद होतं! जो रडला तो आपल्या घरात, कुणी पाहत नसताना रडला. या रडण्याला व्हाउचर लागत नाही.

कुणी म्हणेल, ही माणसं चुनीबाबूंसाठी कुठं, स्वतःच्या बालपणासाठी रडली. असेलही. पण बालपण कुणाकडे तरी ठेव म्हणून ठेवावंच लागतं ना? आणि ठेव आपण कुणाकडेही ठेवत नाही. जो चौदा वर्षं शाखा बदलत नाही, त्याच्याकडे ठेवतो. मग ती शाखा समोरच्या बँकेची का असेना.

म्हणून मी घरी सांगून टाकलंय, माझ्या वेळी कोण आलं ते मोजू नका. न येता घरी बसून कोण हळहळलं, तेवढं मला कळवा.

“कुठल्या पत्त्यावर?” बायकोनं विचारलं.

हा प्रश्न मात्र पुढच्या इयत्तेचा आहे.